शर्यतीच्या सायकलीचे चाक : वारा, टिकाऊपणा आणि किंमत

स्थिर हवेत सायकलीचा वेग दुप्पट केल्यास हवेच्या रोधावर मात करण्यास लागणारी शक्ती आठपट होते. चाकाचा माथा तर सायकलीच्या दुप्पट वेगाने पुढे जात असतो. म्हणून आरे कमी आणि रिम उंच ठेवण्याची कल्पना निघाली. तथापि हवेचा मुख्य रोध स्वाराच्या देहाला होतो. चाकाचा वाटा त्या मानाने अल्पच, हे ध्यानी ठेवले म्हणजे खर्चालाही आपोआप मर्यादा पडते.

निव्वळ कार्बनची रिम लांब उतारावर ब्रेकने तापून बिघडण्याचा संभव असे. फ्रान्समधील माविक कंपनीच्या 'कॉस्मिक कार्बोन' चाकात भार व ब्रेक अॅल्युमिनियमच्या रिमवर सोपवून, कार्बनचे केवळ आवरण चढविले होते. डिस्क ब्रेकमुळे ही अडचण सरली, आऱ्यांची राहिली. आरे फारच थोडे असल्यास एक तुटताच चाकाला मोठा 'आऊट' येतो. सुमारे 30 मिलिमीटर उंचीची अॅल्युमिनियमची रिम आणि 24 साधे आरे, ही निवड त्यामुळे अधिक शहाणपणाची ठरते. टायर मात्र रिमहून रुंद नसावा. एरवी उंचीचा लाभ बराचसा वाया जातो. साधा आरा कोपऱ्यावरचा कारागीरही बदलतो. खास घडणीचा तुटल्यास महागडे चाक आठवडेच्या आठवडे भिंतीला टेकून राहते.