पाच यार्डांचा उपचार

अमेरिकन फुटबॉलमधला अ‍ॅथलेटिक ट्रेनर म्हणजे घोट्याला पट्टी बांधणारा माणूस, असा समज सर्रास आढळतो. पण त्याने ठेवलेल्या जायबंदी खेळाडूंच्या नोंदी एकत्र वाचल्या, की एकेका रुग्णापलीकडचे चित्र दिसते.

आयव्ही लीगच्या आठ विद्यापीठांत २०१५ च्या हंगामात किकऑफ, म्हणजे चेंडू लाथेने दूर मारून खेळ सुरू करण्याच्या चाली, एकूण चालींच्या जेमतेम ६ टक्के होते. मेंदूला हादरा बसण्याच्या घटनांत मात्र त्यांचा वाटा २१ टक्के! दोन्ही संघ लांबून भरधाव येऊन भिडतात, तेव्हा दुसरे काय होणार?

२०१६ मध्ये लीगमधल्या संघांच्या प्रशिक्षकांच्याच (कोच) सूचनेवरून किकची रेषा ३५ वरून ४० यार्डांवर सरकली. चेंडू अधिक वेळा थेट मैदानाच्या टोकाला, एंड झोनमध्ये जाऊ लागला; तो घेऊन पळणे कमी झाले, टकरी घटल्या. दर हजार किकऑफमागे हादऱ्यांचे सरासरी प्रमाण १०.९३ वरून २.०४ वर आले.