कालव्याने पाणी आणले, मीठही आणले!

लखनौचे हजरतगंज म्हटले की चिकनचे कुर्ते आणि चाट आठवते. तिथून जवळच, राणा प्रताप मार्गावर, राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्था आहे. या संस्थेने १९५०च्या दशकात प्रयोगासाठी जागा निवडली ती कानपूर रस्त्यावरच्या बंथरा गावची ओसाड ‘ऊसर’ जमीन. पुढे तिथे चक्क वनराई उभी राहिली.

ऊसरचा उसाशी संबंध नाही. ऊसर म्हणजे आपली चोपण जमीन. पण महाराष्ट्रात या दोघांची गाठ पडते ती नेमकी उसाच्याच फडात!

गोड पाण्यातले मीठ

कालव्याचे पाणी चवीला गोड लागले, तरी त्यात क्षार असतातच. लिटरमागे अवघा अर्धा ग्रॅम धरा. वर्षभरात हेक्टरभर रानाला एक मीटर उंचीचे, म्हणजे एक कोटी लिटर पाणी दिले, तर त्यासोबत पाच टन क्षार शेतात उतरतात! पीक पाणी पिते, उन्हाने वाफ होते, मीठ मात्र मागे राहते. निचरा नसेल तर जमिनीखालची पाणीपातळी चढते आणि क्षार वर येऊन पांढरी पुटे धरतात. उत्तरेत त्याला ‘रेह’ म्हणतात. पूर्वी धोबी त्याने कपडे धूत.

हे दुखणे नवे नाही. गंगेचा कालवा १८५४ मध्ये सुरू झाला आणि १८७०च्या दशकात इंग्रज सरकारला ‘रेह समिती’ नेमावी लागली. आपल्याकडे सांगली, कोल्हापूरच्या काळ्या रानांनी हेच भोगले. सातबाऱ्यावर जमीन आहे, पण घरात धान्य येत नाही, अशी कुटुंबाची कोंडी होते.

उपाय आहे, पण एकट्याचा नाही

जमीन नुसती खारट असेल, तर निचऱ्याची सोय करून गोड्या पाण्याने क्षार धुऊन काढावे लागतात. चोपण जमिनीत सोडियममुळे मातीची छिद्रे बुजतात आणि पाणी मुरत नाही. तिथे आधी जिप्सम लागते. त्यातले कॅल्शियम सोडियमला हुसकते, मग साचवलेले पाणी त्याला खाली नेते. उत्तर प्रदेशात १९९३ पासून जागतिक बँकेच्या साहाय्याने हीच पद्धत मोठ्या प्रमाणावर राबवली गेली. सुधारलेल्या रानात पहिले पीक भाताचे घेतात, कारण साचलेले पाणी भाताला मानवते. म्हणूनच जिप्समची पोती आणण्याआधी माती तपासून घ्यावी.

काळ्या रानात जमिनीखाली सच्छिद्र नळ्या घालून पाणी ओढ्याला काढतात. शिरोळच्या श्री दत्त सहकारी साखर कारखान्याने शेतकऱ्यांना एकत्र आणून हे काम करून दाखवले. एकत्र का? कारण माझ्या शेतातले खारे पाणी ओढ्यापर्यंत पोचते ते शेजाऱ्याच्या बांधाखालून. त्याने वाट अडवली, तर माझ्या नळ्या वाया! आणि माझे जादा पाणी मुरते ते खालच्या अंगाच्या त्याच शेजाऱ्याच्या रानात.

पाण्याच्या पाळीसाठी भांडणारे आपण, निचऱ्याच्या चरासाठी एकत्र बसलो तरच पुढच्या पिढीच्या हाती कसदार जमीन पडेल.