उत्तेजक औषधे: मुलांची वाढ आणि पुनरुत्पादन

बंगळुरूतल्या इंदिरानगरात काय किंवा तुमच्या गावात काय, मेथिलफेनिडेट डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात ते मनःप्रभावी पदार्थांमध्ये मोडते. एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणे, अतिचंचलता आणि उतावळेपणा, यासाठी ते मुलांना दिले जाते. हा प्रश्न परदेशातला समजू नका. निम्हान्सच्या पथकाने बंगळुरूच्या मध्यमवर्गीय वस्त्या, झोपडपट्ट्या आणि ग्रामीण भाग मिळून १६ वर्षांपर्यंतची २०६४ मुले तपासली होती. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सुमारे १२.५ टक्के मुलांमध्ये कोणता ना कोणता मानसिक विकार आढळला. एडीएचडी हा त्यांपैकी एक.

चेतापेशी डोपामिन आणि नॉरअ‍ॅड्रेनालिन बाहेर सोडतात व पुन्हा आत घेतात. मेथिलफेनिडेट हे आत घेणे अडवते, म्हणून ती रसायने जास्त वेळ काम करतात. लक्ष टिकते, पण भूकही मंदावते.

आता पालक विचारतात, "सुरक्षित आहे का?" अभियांत्रिकीत आपण 'पूल मजबूत आहे का?' एवढेच विचारत नाही; कोणत्या भाराला, हेही विचारतो. इथेही तसेच करा.

पहिला भार उंचीचा. अमेरिकेतल्या एमटीए अभ्यासात नव्याने औषध सुरू केलेली मुले ३ वर्षांनी, औषध न घेतलेल्या मुलांपेक्षा सरासरी २ सेंटिमीटर बुटकी आणि २.७ किलो हलकी होती. हा परिणाम खरा आहे. म्हणूनच उपचार चालू असताना उंची-वजन नियमित मोजून आलेखावर मांडतात.

दुसरा गुणसूत्रांचा, आणि इथे जरा थांबू. २००५ मध्ये टेक्सासमधल्या संशोधकांनी १२ मुलांच्या रक्तपेशी औषधापूर्वी आणि ३ महिन्यांनंतर तपासल्या. गुणसूत्रांतले दोष सुमारे तिप्पट झालेले दिसले. बातमी अर्थातच गाजली. पण औषध न घेणारा तुलनेचा गट नव्हता, आणि मुले फक्त १२. असे निकाल दुर्लक्षायचे नसतात, पुन्हा मोजायचे असतात. तसे मोजले गेले. २००८ च्या अमेरिकी अभ्यासात ४७ मुलांनी ३ महिने उपचार पूर्ण केले. २५ मेथिलफेनिडेटवर, २२ अ‍ॅम्फेटामिनवर. गुणसूत्रांची हानी वाढलेली दिसली नाही. माझ्या मते विद्यार्थ्यांनी या दोन अभ्यासांची जोडी शेजारी ठेवून वाचावी. नमुन्याचा आकार म्हणजे काय हे पाठ्यपुस्तकापेक्षा लवकर कळते.

वयात येण्याबद्दलचा पुरावा मुख्यतः प्राण्यांचा आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात लहान नर ऱ्हीसस माकडांना मेथिलफेनिडेट दीर्घकाळ दिले, तेव्हा वृषणांची वाढ आणि उतरणे लांबले. पुढे ही तूट भरून निघाली. माकडांची मात्रा थेट मुलांना लावू नका.

राहिला गर्भ. औषध घेणारी मुलगी मोठी होते, तुमच्या वयाची होते. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या सुमारे १८ लाख गर्भारपणांच्या नोंदी तपासल्या गेल्या. औषध न घेतलेल्यांत हृदयदोष असलेली बाळे हजारी १२.७, पहिल्या तिमाहीत मेथिलफेनिडेट घेतलेल्यांत १८.८. आयांमधले इतर फरक वजा केल्यावर आणि नॉर्डिक देशांच्या नोंदी जोडल्यावर गुणोत्तर १.२८ उरले, विश्वासमर्यादा १.०० ते १.६४. म्हणजे हजारात सुमारे ३ बाळे जास्त. अ‍ॅम्फेटामिनमध्ये अशी वाढ आढळली नाही. '२८ टक्के जास्त धोका' आणि 'हजारात ३' ही दोन्ही विधाने खरी; घाबरवतो तो पहिला आकडा, निर्णयाला उपयोगी पडतो तो दुसरा.

गरोदरपणाचा विचार असेल तर गोळी आपल्या मनाने बंद करू नका. उपचार थांबल्याचेही परिणाम असतात, गाडी चालवताना, कामावर, घरी. डॉक्टरांशी आधी बोला. आणि परीक्षेच्या आदल्या रात्री मित्राने दिलेली गोळी? वरचा एकही आकडा तिला लागू नाही, कारण हे सारे अभ्यास चिठ्ठीवर दिलेल्या औषधाचे आहेत.