काउंटरवरचं इंग्रजी

श्रोतेहो, निगडी-आकुर्डीकडच्या एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचं ग्रंथालय डोळ्यांसमोर आणा. चाकणच्या कारखान्यातून व्याख्यानासाठी आलेले एक जर्मन अभियंते काउंटरपाशी येतात आणि वेल्डिंगवरचं पुस्तक मागतात. ग्रंथपालबाई तत्परतेनं तीन पुस्तकं काढून देतात. पाहुणे ती चाळतात, आभार मानतात आणि रिकाम्या हातानं जातात. त्यांना हवं होतं ॲल्युमिनियमच्या जोडकामाचं मानक. ते ग्रंथालयात होतंही! 'नेमकं कशासाठी हवंय?' हा प्रश्न बाई दिवसभर मराठीत विचारतात. इंग्रजीत मात्र तो ओठांवर आलाच नाही.

हा प्रसंग कल्पित आहे, पण अडचण खरी आहे. 2009 साली चाकण परिसरात फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझचे कारखाने सुरू झाले. या पट्ट्यात जर्मन, जपानी, कोरियन माणसांची ये-जा असते. आपल्या ग्रंथपालांचं इंग्रजी कच्चं असतं का? तसं नाही. तालिका, वर्गीकरण, संगणक प्रणाली हे सगळं ते इंग्रजीतूनच हाताळतात. सराव डोळ्यांना झालेला असतो. कानाला आणि जिभेला नसतो.

आणि ग्रंथपालाचं खरं कौशल्य उलट प्रश्न विचारण्यातच आहे. वाचकाच्या मनातली गरज आणि त्यानं काउंटरवर विचारलेला प्रश्न यांत अंतर असतं, हे अमेरिकेच्या रॉबर्ट टेलर यांनी 1968 मध्ये नीट उलगडून दाखवलं. आपल्या डॉ. रंगनाथन यांनी 1931 मध्ये मांडलेल्या पाच नियमांपैकी चौथा वाचकाचा वेळ वाचवण्याविषयीच आहे.

इथे चित्रफीत उपयोगी पडते. पाठ्यपुस्तकात वाक्य मिळतं; चित्रफितीत ते बोलणारा चेहरा, हातवारे, मधला थांबाही मिळतो. शिवाय तीच फीत दहा वेळा पाहिली तरी कुणी हसत नाही!

दोन-तीन मिनिटांचा एकच संवाद घ्या. आधी आवाज बंद करून पाहा आणि काय चाललं असेल ते ओळखा. मग आवाज आणि खाली इंग्रजी अक्षरं, असं पाहा. अक्षरं मराठीत नकोत; मराठी दिसलं की कान आराम करतो. चित्रपटगीतांखाली त्याच भाषेतले शब्द दाखवून वाचन पक्कं करण्याची कल्पना अहमदाबादच्या ब्रिज कोठारी यांनी मांडली आणि 2002 मध्ये ती दूरदर्शनच्या 'चित्रहार'मध्ये आली. तिथे ओळखीच्या शब्दांनी वाचन सुधारतं, इथे वाचता येणाऱ्या शब्दांनी ऐकणं सुधारतं. तिसऱ्या वेळी अक्षरं काढून टाका. चौथ्या वेळी ग्रंथपालाच्या उत्तराआधी फीत थांबवा आणि उत्तर स्वतः मोठ्यानं द्या.

अशा फिती परदेशी विद्यापीठांच्या ग्रंथालयांनी इंटरनेटवर ठेवलेल्या आहेत. मात्र त्या त्यांच्या विद्यार्थ्यांसाठी केलेल्या असतात. बोलणं भरभर असतं. आपल्याकडे येणाऱ्या जर्मन किंवा जपानी पाहुण्याचीही इंग्रजी ही मातृभाषा नाही. त्याला लंडनचे उच्चार नकोत. छोटी, स्पष्ट वाक्यं हवीत.

म्हणून पुढची पायरी म्हणजे फीत आपणच तयार करायची. एक सहकारी वाचक होईल, दुसरा ग्रंथपाल, तिसरा मोबाइल धरील. विषय आपल्याच काउंटरवरचे: मुदतवाढ, दंड, राखून ठेवलेलं पुस्तक, झेरॉक्स, मानकं. खऱ्या वाचकाचं मात्र चित्रण करू नये. पहिल्यांदा स्वतःला पाहताना लाज वाटते. महिन्यानं तीच फीत पुन्हा पाहा. फरक आपला आपल्यालाच कळतो.

श्रोतेहो, सुरुवात तीन वाक्यांनी करा. आपल्याला कशासाठी हवंय? म्हणजे आपल्याला असं म्हणायचंय का? हवं ते मिळालं का? ही तीन वाक्यं इंग्रजीत न अडखळता आली, की पुढचा पाहुणा रिकाम्या हातानं परतणार नाही.