ट्रॅकही हवा, रानवाटही हवी. मग टू-स्ट्रोक कोणती?

एकच गाडी हवी. शनिवारी मोटोक्रॉसच्या ट्रॅकवर उड्या मारणारी आणि रविवारी मार्लेश्वरच्या बाजूच्या रानवाटा चढणारी. आणि हो, टू-स्ट्रोकच हवी, कारण तो आवाज! देवरूखच्या कुठल्याही कट्ट्यावर गाड्यांचा विषय निघाला की ही इच्छा कुणीतरी बोलून दाखवतंच. आठल्ये-सप्रे-पित्रे कॉलेजचा असो नाहीतर आंबवच्या इंजिनिअरिंगचा, प्रत्येकाचे यूट्यूबवर शंभर व्हिडीओ बघून झालेले असतात. बजेट मात्र बाबांच्या खिशात असतं. त्यातच जानेवारी २०२४ मध्ये पुण्याला बालेवाडीत इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली रेस झाली, स्टेडियममध्ये माती आणून टेकाडं उभी केली गेली, आणि हे सगळं आता फक्त परदेशात घडत नाही हे आपल्या पोरांना कळलं. तेव्हापासून हा प्रश्न नुसता टाइमपासचा राहिलेला नाही.

आधी टू-स्ट्रोकचं वेड समजून घेऊ. फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकचे दोन फेरे झाले की एकदा ताकद मिळते, टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेऱ्याला. व्हॉल्व्ह नाहीत, कॅम नाही. त्यामुळे इंजिन हलकं, सुटे भाग कमी आणि गाडी उघडली तर घरच्या पडवीत बसूनही पिस्टन-रिंग बदलता येते. मोटोक्रॉसच्या जागतिक नियमांत १२५ सीसीची टू-स्ट्रोक २५० सीसीच्या फोर-स्ट्रोकबरोबर धरतात आणि २५० ची ४५० बरोबर, यावरून काय ते ओळखा. १९९८ मध्ये यामाहाची वायझेड ४०० एफ आली आणि मोठ्या रेसमधून टू-स्ट्रोक हळूहळू मागे पडत गेल्या. पण हलकी आणि स्वस्तात दुरुस्त होणारी गाडी म्हणून रानात फिरणाऱ्यांनी त्यांना सोडलेलं नाही.

आता खरी अडचण. लांबून दोन्ही गाड्या सारख्याच दिसतात. उंच मडगार्ड, बटण टायर, सडपातळ सीट. पण ट्रॅक आणि रानवाट गाडीकडून एकमेकांच्या उलट गोष्टी मागतात. ट्रॅकवर उडी मारून खाली आदळायचं असतं, म्हणून शॉकअप कडक लागतात. तेच शॉकअप जांभ्याच्या दगडांवर नेले की पुढचं चाक प्रत्येक दगडावरून टणाटण उडतं आणि तासाभरात मनगटं जातात. ट्रॅकवर इंजिन कायम वरच्या आरपीएमला असतं, गिअर जवळजवळचे असतात. रानवाटेवर बैल चालतो त्या स्पीडने चढ चढायचा असतो, तिथे खालच्या आरपीएमला न बंद पडणारं इंजिन आणि अगदी छोटा पहिला गिअर हवा. मोटोक्रॉसला मागचं चाक १९ इंची असतं, रानातल्या गाडीला १८ इंची. चाक लहान म्हणजे टायरची भिंत उंच, म्हणजे दगडावर आपटलं तरी रिम वाचते. ट्रॅकच्या गाडीला हेडलाइट नाही, स्टँडही नाही.

कंपन्यांनाही हे माहीत आहे. यामाहाने वायझेड २५० च्या शेजारी वायझेड २५० एक्स आणली ती याचसाठी. तेच इंजिन, पण कम्प्रेशन कमी केलेलं, ताकद हळूहळू देणारं, शॉकअप मऊ, मागे १८ इंची चाक आणि एक साधं साइड स्टँड. केटीएमच्या एक्ससी गाड्यांचाही हाच हिशोब. परदेशात एका टू-स्ट्रोकवर दोन्ही करणारे लोक याच मधल्या जातीकडे जातात आणि माझ्या मते ते बरोबर करतात. रानवाटेची गाडी ट्रॅकवर थोडी हळू चालते, एवढंच. उलटं करायला गेलात, ट्रॅकची गाडी रानात नेलीत, तर पहिल्याच पऱ्ह्यापाशी ढकलत बसाल. सीसीचं म्हणाल तर १२५ हलकी असते, पण सतत ओरडवत ठेवावी लागते. चढावर आरपीएम पडला की संपलं. २५० खालून ओढते, पण नवख्याच्या हातात जरा जास्त थ्रॉटल गेला तर गाडी पुढे आणि स्वार मागे.

मग यातली देवरूखात कुठली मिळेल? इथे स्वप्नाला पहिला ब्रेक लागतो. वायझेड आपल्याकडे कंपनी विकत नाही. केटीएमने २०२४ च्या अखेरीस ५० एसएक्स, ६५ एसएक्स आणि ८५ एसएक्स या टू-स्ट्रोक भारतात आणल्या, पण त्या लहान आणि किशोरवयीन रेसर्ससाठी. सगळ्यात छोटीचीच किंमत पावणेपाच लाखांच्या घरात. शिवाय असल्या ट्रॅकच्या गाडीचं रजिस्ट्रेशन होत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे रजिस्ट्रेशन नसलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही, आणि त्यात साखरप्याला जाणारा रस्ता जसा येतो तसाच तुमच्या वाडीतला डांबरीही येतो. म्हणजे गाडी घराबाहेर काढायची तर प्रत्येक वेळी छोटा हत्ती भाड्याने आणायचा.

म्हणून फिरून गाडी येते ती आरएक्सवर. यामाहा आरएक्स १०० भारतात १९८५ ते १९९६ या काळात बनली. ९८ सीसी, ११ हॉर्सपॉवर, वजन शंभर किलोच्या आसपास. पुढे आरएक्स १३५ आली आणि प्रदूषणाचे नियम कडक होत गेल्यावर २००५ च्या सुमारास तीही थांबली. सुझुकीच्या सामुराई आणि शोगनही त्याच घराण्यातल्या. कागदपत्रं असलेली, नंबरप्लेट लावून स्वतःच्या चाकांवर रानवाटेपर्यंत जाणारी टू-स्ट्रोक हवी, तर आपल्यासारख्यांसाठी आज जवळपास हाच एक रस्ता उरतो. गंमत म्हणजे वायझेड २५० चं वजनही शंभरच्या थोडंच वर आहे, ताकद मात्र चौपट.

पण आरएक्स ही डर्ट बाइक नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. मोटोक्रॉसच्या गाडीचे शॉकअप साधारण ३०० मिलिमीटर खाली-वर होतात; आरएक्सचे त्याच्या जवळपासही जात नाहीत. बटण टायर चढवा, पुढचं स्पॉकेट एक-दोन दात लहान करा, हँडल रुंद घ्या, कच्च्या रस्त्यावर ती मस्त पळेल. उड्या मात्र नकोत. तीस वर्षांच्या जुन्या चासीला तडा जातो तो बहुतेक वेळा हँडलच्या मुंडीजवळ, आणि तिथे वेल्डिंग मारून पुन्हा उडी मारणं म्हणजे स्वतःच्या दातांशी खेळ. इंजिन बदलणं, कान फाटतील असा सायलेन्सर लावणं हे कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकतं. विमा कंपनीही रेसमध्ये झालेल्या नुकसानीचे पैसे देत नाही. पॉलिसीच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात ते लिहिलेलं असतं.

म्हणून माझा सरळ सल्ला असा: गाडी रानवाटेसाठी घ्या आणि ट्रॅक भाड्याने अनुभवा. डाकार रॅलीत उतरलेला पहिला भारतीय सी. एस. संतोष याने बंगळूरूजवळ कोलारकडे बिगरॉक डर्टपार्क उभारलं. अशा ठिकाणी शिकवायला माणसं असतात आणि गाडीही तिथलीच मिळते. दोन दिवसांचे पैसे जास्त वाटतील, पण एका मोडलेल्या कॉलरबोनपेक्षा ते कमीच. रेसमध्ये उतरायचंच असेल तर देशातल्या मोटरस्पोर्ट्सचं नियंत्रण करणाऱ्या एफएमएससीआयचं लायसन्स लागतं. आणि टू-स्ट्रोकचा हट्ट सोडायची तयारी असेल तर २०१९ पासून मिळणारी हिरोची एक्सपल्स २०० आहेच. पुढे २१ इंची, मागे १८ इंची चाक, कागदपत्रांची कटकट नाही. आवाज तेवढा तसा नाही, हे मान्य.

आता आपली रानं. बाहेरून येणाऱ्याला वाटतं, सडा म्हणजे मोकळं मैदान, इथे ट्रॅकच आहे की! तसं नाही. जून-जुलैत कातळावर दिपकाडी फुलते, पुढे श्रावण-भाद्रपदात सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा गालिचा असतो. तिथे मातीचा थर बोटभरसुद्धा नसतो आणि बटण टायर तो एका फेरीत खरवडून काढतो. उक्षी, कशेळीसारख्या ठिकाणच्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत आणि २०२२ पासून कोकणातल्या शिल्पांची नावं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. अजून न सापडलेलं एखादं शिल्प तुमच्या चाकाखाली येणार नाही याची खात्री कोण देणार? गडग्याच्या आतली जागा कुणाची तरी असतेच. विचारून गेलं तर बहुतेक वेळा नाही म्हणत नाहीत, वर ताकही मिळतं. पाखाडीवर मात्र गाडी घालू नका, ती आज्या-आजोबांची वाट आहे. कुंडी घाटाकडे वर चढत गेलात तर पुढे चांदोलीचं जंगल, म्हणजे २०१० मध्ये जाहीर झालेला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. तिथे परवानगीशिवाय शिरणं हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, ‘रस्ता चुकलो’ हे कारण चालत नाही. त्यापेक्षा नांगरणी स्पर्धा होऊन गेलेला चिखलाचा मळा मालकाला विचारून मिळतोय का बघा. घसरत्या मागच्या चाकावर तोल सांभाळायला त्यासारखी शाळा नाही.

टू-स्ट्रोक पाळायची तर इथल्या हवेप्रमाणे थोडी शिस्त लागते. मार्चमध्ये जांभ्याची लाल धूळ पिठासारखी बारीक होते आणि एअर फिल्टरमधून आत गेली की पिस्टन खरवडते. दर फेरीनंतर फिल्टर धुवायचा. पावसाळ्यात दमट हवेमुळे मिश्रण जड होतं, प्लग काळा पडतो, म्हणून खिशात एक जादा प्लग आणि पाना असू द्या. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायच्या गाडीला चाळीसास एक हे प्रमाण सांगितलं असेल तर पाच लिटरला १२५ मिली टू-टी ऑइल. अंदाजाने ‘अजून थोडं’ ओतायचं नाही. आणि आंबा घाट उतरताना एक गोष्ट लक्षात ठेवा. अशा गाडीत ऑइल पेट्रोलबरोबरच इंजिनात जातं. थ्रॉटल पूर्ण बंद करून मैलभर उतरलात तर इंजिनाला ऑइलच मिळत नाही आणि पिस्टन पकडतो. मधूनमधून क्लच दाबून थोडा रेस द्यायचा. इंजिन ब्रेकिंगही जवळजवळ नसतं, तेव्हा ब्रेकशू आधी बघून निघा.

खर्चाचं गणित मांडताना गाडीच्या किमतीतच हेल्मेट, घोट्याच्या वर येणारे बूट, गुडघ्याचे आणि छातीचे गार्ड धरा. हे नंतर घेऊ म्हणणारे नंतर घेत नाहीत. एकट्याने जाऊ नका. घाटाखालच्या कितीतरी वाड्यांत अजून मोबाइलला रेंज नसते आणि मोडलेल्या पायाने रस्त्यापर्यंत येणं म्हणजे काय हे कुणी अनुभवून बघायची गरज नाही.

चांगल्या कंडिशनची आरएक्स आता लाखाच्या घरात जाते, आणि याच हौसेपायी चोरीच्या गाड्याही फिरतात. आरसीवरचा चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर स्वतः वाचा, खरवडलेला दिसला तर तिथूनच मागे फिरा. पंधरा वर्षांनंतरचं री-रजिस्ट्रेशन झालंय का बघा. मागचं चाक धरून आडवं हलवा, स्विंगआर्मचे बुश गेले असतील तर हाताला लगेच कळतं. किक हळू दाबून बघा, कम्प्रेशन असेल तर ती पायाला विरोध करते. गाडी बघायला पोहोचलात आणि इंजिन आधीच गरम करून ठेवलेलं असेल, तर घाई करू नका. मालकाकडचा चहा घ्या, तासभर गप्पा मारा, इंजिन गार होऊ द्या, आणि मग पहिली किक स्वतः मारा.