अँटिबायोटिकनंतर माणूस बदलल्यासारखा वाटतोय? आधी गोळीचं नाव बघा

लोणावळ्याला वर्षासहलीला गेलात, पोट बिघडलं, मेडिकलमधून सिप्रोफ्लॉक्सासिन घेतली. नंतर झोप उडाली, जीव घाबरा झाला, तर कारण गोळीही असू शकते.

कोणत्या गोळ्या?
सिप्रोफ्लॉक्सासिन, ओफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन. बेचैनी, विसरभोळेपणा, भ्रम असे दुष्परिणाम लेबलवर ठळक द्या, असं अमेरिकेच्या एफडीएने जुलै २०१८ मध्ये बजावलं. असे त्रास मोजक्यांनाच होतात.

टीबीच्या औषधांचं काय?
औषधांना दाद न देणाऱ्या टीबीवरील सायक्लोसेरिनमुळे नैराश्य, भास, आत्महत्येचे विचारही येऊ शकतात.

काय कराल?
डॉक्टरांना लगेच गोळीचं नाव सांगा. टीबीची औषधं स्वतःहून थांबवू नका. मावळातल्या गावात असाल तर आशाताईंना कळवा. मानसिक आधारासाठी ‘टेलि-मानस’चा मोफत क्रमांक : १४४१६.