मूळ कुलपात, भाष्य चावडीवर

सोलापुरातल्या एका विहारात रविवारी वाचन असते. मध्यंतरी तेथे बाहेरगावच्या एका वक्त्याने बाबासाहेबांच्या विचारांवर तासभर 'भाष्य' केले. बोलणे संपले तशी विडी वळणारी एक आजी उठली आणि म्हणाली, "सर, ह्ये बाबासाहेब म्हणलेत, का तुम्ही म्हणलालाव?" वक्त्याला उत्तर देता आले नाही. लोक हसले. मला हसू आले नाही, कारण भाष्य या शब्दाची सगळी गोम आजीच्या त्या प्रश्नात होती.

'भाष्' म्हणजे बोलणे, त्यावरून भाष्य. जुन्या काळी सूत्रे पाठांतरासाठी दोन-चार शब्दांत बांधली जात. ती एकट्याने वाचून काही कळत नसे. म्हणून ती उलगडून सांगणारा लागे, तो भाष्यकार. पाणिनीच्या व्याकरणावर पतंजलीने लिहिले ते महाभाष्य. टीका हा शब्द त्याच घराण्यातला. ज्ञानेश्वरांची १२९० सालची भावार्थदीपिका ही गीतेवरची टीकाच, म्हणजे अर्थ उकलून दाखवणारा ग्रंथ. आज मराठीत टीका म्हणजे दोष काढणे, आणि आपल्या काही सभांत तर टीका म्हणजे थेट दुश्मनी! शब्द कसे घसरतात पाहा.

इंग्रजी 'कॉमेंटरी' लॅटिनमधून आली. तिकडे तो शब्द टिपणवहीसाठी, नोंदींसाठी वापरत. ज्युलियस सीझरने गॉल देशातल्या आपल्याच लढायांच्या ज्या नोंदी लिहिल्या त्यांना हेच नाव आहे. जिंकणाऱ्याने लिहिलेली जिंकल्याची हकीकत! हरलेल्या गॉल लोकांची कॉमेंटरी कुठे आहे? आपल्याला हा अनुभव नवा नाही. पुढे रेडिओ आला आणि कॉमेंटरी म्हटले की क्रिकेट असे समीकरण झाले. पॉली उम्रीगर सोलापुरात जन्मलेला, त्यामुळे त्याच्या धावांची कॉमेंटरी ऐकताना इथल्या म्हाताऱ्यांची कॉलर आजही ताठ होते. असो.

भाष्य मूळ ग्रंथाला सेवकासारखे चिकटते आणि हळूहळू मालक होते. छांदोग्य उपनिषदात रैक्व आणि जानश्रुतीची गोष्ट आहे. रैक्व जानश्रुतीला सरळ 'शूद्र' अशी हाक मारतो आणि शेवटी त्याला विद्याही देतो. म्हणजे शूद्राला विद्या मिळाल्याचा पुरावा त्यांच्याच ग्रंथात! मग काय करायचे? ब्रह्मसूत्राने आणि त्यावर शंकराचार्यांच्या भाष्याने तोड काढली की येथे शूद्र म्हणजे जात नव्हे, शोकाने धावत आलेला माणूस. एका शब्दाची व्युत्पत्ती फिरवली आणि उघडलेला दरवाजा पुन्हा लावून घेतला. बाबासाहेबांनी 'शूद्र पूर्वी कोण होते?' या १९४६ च्या ग्रंथात जानश्रुतीचा दाखला दिला आहे, तो उगाच नाही.

आपल्या परंपरेतही भाष्य आहे, नाही असे नाही. पालीत त्याला अट्ठकथा म्हणतात, अर्थ सांगणारी कथा. पाचव्या शतकात बुद्धघोषांनी सिंहलद्वीपात राहून तेथल्या सिंहली अट्ठकथा पालीत आणल्या. धम्मपदाच्या गाथांमागच्या ज्या गोष्टी आपण मुलांना सांगतो, त्या बहुतेक अट्ठकथेतल्या. धर्मानंद कोसंबींनी तर विसाव्या शतकात अभिधम्मावर पालीतून 'नवनीत टीका' लिहिली. पण गाथा वेगळी आणि अट्ठकथा वेगळी हा भेद भिक्खूंनी राखला. भेद राखला तर भाष्य उपकारक, नाही तर ते मूळ गिळते.

सोलापूरकरांना एक गोष्ट जवळची वाटावी. षट्खंडागम या जैन आगमावर वीरसेनाचार्यांनी नवव्या शतकात 'धवला' नावाची प्रचंड टीका लिहिली. तिच्या ताडपत्री प्रती कर्नाटकात मूडबिद्रीला शेकडो वर्षे जपून ठेवलेल्या. भाविक जात, दर्शन घेत, परत येत. वाचायला कोणालाच मिळत नसे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्या नकला व्हाव्यात म्हणून ज्यांनी खटपट केली त्यांत सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद होते. १९३९ पासून डॉ. हिरालाल जैन यांनी अमरावतीहून तिचे सोळा खंड छापायला सुरुवात केली. पुढे सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने त्यांच्या सुधारित आवृत्त्या काढल्या. धर्म त्यांचा, ग्रंथ त्यांचा. पण पूजेतला ग्रंथ वाचनात आणायला काय लागते, हे त्यांच्याकडून शिकण्यासारखे आहे.

आता आपले पाहू. शास्त्रांचा खरा अर्थ वेगळा आहे असे सांगत बसणाऱ्या सुधारकांना बाबासाहेबांनी १९३६ मध्ये 'जातिनिर्मूलना'त बजावले की लोक शास्त्र जसे समजतात तसे वागतात, म्हणून नव्या भाष्याने भागणार नाही, शास्त्राचे प्रामाण्यच मोडले पाहिजे. त्याच बाबासाहेबांचे लेखन आज भाष्यांखाली दबले आहे. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून खंड काढायला घेतले. १९८७ मध्ये चौथा खंड, 'रिडल्स', आला आणि राम-कृष्णावरचे परिशिष्ट वगळा म्हणून शिवसेनेने रान उठवले. १९८८ च्या फेब्रुवारीत आपला समाज मुंबईत लाखोंनी रस्त्यावर उतरला, तेव्हा कुठे ते परिशिष्ट राहिले. पण त्याखाली एक तळटीप चिकटली, या मतांशी शासन सहमत नाही म्हणून. बाबासाहेबांच्या पानावर सरकारचे एका ओळीचे भाष्य! आणि डिसेंबर २०२१ मध्ये या खंडांची छपाई रखडल्याच्या बातमीची मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. मूळ खंड मिळत नाही, आणि 'बाबासाहेबांना असे म्हणायचे होते' सांगणारे मात्र प्रत्येक चौकात फलकावर! जो तो आपल्या पक्षाला, आपल्या गटाला, आपल्या उमेदवाराला सोयीचे बाबासाहेब काढून दाखवतो. पान क्रमांक मात्र कोणी सांगत नाही.

आमच्या विहारात त्या रविवारनंतर एक नियम झाला आहे. आधी मूळ उतारा मोठ्याने वाचायचा, मग ज्याला बोलायचे त्याने बोलायचे. चौथ्या खंडाची प्रत एकच आहे आणि तीही झेरॉक्स. आजींना वाचता येत नाही, पण त्या पुढेच बसतात, आणि कोणी बोलायला उठला की विचारतात, "पान कितवं?"